कॉलेजच्या इमारतीचं वीजबिल: आधी सोलर की आधी गच्ची?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. इमारत नव्वदच्या दशकातली, आरसीसी, लांबट. पूर्वेला व्हरांडा आणि वर्गांच्या खिडक्या सगळ्या पश्चिमेला. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर पेपर असला की मुलं मनगटाखाली रुमाल घालून लिहितात, नाहीतर उत्तरपत्रिका घामाने ओली होते. पंखा फुल्ल केला तरी वरून गरम वाराच येतो.

संस्थेच्या मनात ५० किलोवॅटचं सोलर आणि वरच्या काही वर्गांना एसी आहे. आपल्याकडे ऊन किती, हे वेगळं सांगायला नको. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभाच आहे. पण पैसे एकदाच मिळणार. मला वाटतं आधी इमारत थंड करावी. बैठकीत हे मांडायचं तर हातात काहीतरी ठोस हवं. कुणी असं काम केलंय का?

वायरमन भुसावळकर:
सर, मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात शाळा-कॉलेजांची वायरिंगची कामं घेतो. सोलरही बसवतो, म्हणजे धंदा माझा तोच. तरीही सांगतो, आधी गच्ची आणि पंखे.

पंख्यांचा हिशोब बैठकीत फळ्यावर मांडा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. कॉलेजात २०० पंखे धरले तर ९ किलोवॅटचा भार कमी झाला. सात तास चालले तर रोजचे ६३ युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर सरासरी दिवसाला ४ युनिट देतं. म्हणजे नुसते पंखे बदलल्यावर पंधरा-सोळा किलोवॅटचं सोलर कमी घेतलं तरी चालतं. हे पैसे कुठल्याही खजिनदाराला लगेच कळतात.

दुसरं, रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंग घ्या. रविवारी दिवसाचंही घ्या. कॉलेज बंद असताना चाललेला भार बघून धक्का बसेल. टाकी भरून वाहतेय तरी मोटर चालू, वॉटर कूलर रात्रभर चालू, कॉम्प्युटर लॅबचा यूपीएस चालू. टाकीला फ्लोट स्विच बसवायला किती खर्च येतो? पण ते कुणाचंच काम नसतं, म्हणून वर्षानुवर्षं राहून जातं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आणि गच्चीचं काम पॅनेलच्या आधीच करा. ५० किलोवॅटला सावली नसलेली पाच हजार चौरस फूट जागा लागते. एकदा स्ट्रक्चरचे पाय रोवले की खालची गळती काढणं, कोबा दुरुस्त करणं, चुना मारणं, सगळंच अवघड होतं. पॅनेल माणूस खालून चालेल इतके उंच घ्या, म्हणजे स्लॅबवर सावलीही पडते. फक्त वाऱ्याचं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्या. रावेर-यावलकडे वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तोच वारा पॅनेलखाली शिरतो.

धाब्याचं घर:
सिव्हिलचं काम करते, माहेर अमळनेर तालुक्यातलं. आमच्या जुन्या घरावर मातीचं धाबं होतं, भिंती दीड-दोन हात जाड. भर मे महिन्यात दुपारी आजी खाली चटई टाकून झोपायची. वर पाच इंचांचा काळवंडलेला स्लॅब असला की तो दिवसभर ऊन पितो आणि दुपारनंतर तीच ऊब खाली सोडत बसतो.

पांझराकाठ सर, मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा फारसं ऊन लागतच नाही. मारा गच्चीवर, आणि दुपार कलली की पश्चिमेवर. तुमच्या खिडक्या नेमक्या तिकडेच. तिरपं ऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं, त्यामुळे छज्जा वाढवून उपयोग नाही. बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावा. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. आणि त्या बाजूला आजच कडुनिंब लावा.

गच्चीला पांढरा चुना स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात धुऊन जातो. दरवर्षी फेब्रुवारीत मारावा लागेल. पैसे असतील तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक करा, वर्षानुवर्षं टिकतं. चुनकळी विझवताना मुलांना जवळ येऊ देऊ नका, उकळी फुटते आणि डोळ्यांत उडते.

पांझराकाठ:
ताई, भाऊ, मनापासून आभार. एसीऐवजी कूलर सुचवू का? मेमध्ये आमच्याकडे पाण्याचीच ओढाताण असते.

वायरमन भुसावळकर:
सर, कूलर फक्त परीक्षा हॉलला ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो आणि वीज एसीच्या तुलनेत फारच थोडी घेतो. पण समोरची खिडकी उघडी हवी. आपल्याकडे दारं-खिडक्या लावून कूलर लावतात, मग खोली दमट होते आणि दोष कूलरला. आरओचं वाया जाणारं पाणी त्यात घालू नका, क्षार बसून पॅड दगडासारखे होतात. ते पाणी संडासाच्या टाकीला वळवा. एसी घ्यावाच लागला तर सेटिंग २४ च्या खाली नेऊ देऊ नका.

पांझराकाठ:
ठरलं तर. वरच्या मजल्यावरच्या शेजारच्या दोन वर्गांपैकी एकाच्या गच्चीवर चुना मारतो, दुसरी तशीच ठेवतो. मुलांना प्रोजेक्ट देतो, रोजची नोंद तेच ठेवतील. लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणाऱ्या इन्फ्रारेड गनने मोजलं तर चालेल का?

धाब्याचं घर:
चालेल. कोब्यावर आणि छताच्या खालच्या बाजूला रीडिंग बरोबर येतं, चकचकीत पत्र्यावर मात्र चुकतं. गच्चीचं दुपारी एक-दोनला घ्या, छताचं खालून चार-पाचला. दोन्ही वर्गांचे पंखे आणि खिडक्या सारख्या ठेवा, नाहीतर बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल.