मदत हवी आहे: फाईल ओ_नॉनब्लॉक ('अडकू नको, लगेच परत ये' सांगणारा पर्याय) लावून उघडली तरी राइट अडकतो

तापीकाठ: रावेरकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरमधलं तापमान-आर्द्रता गोळा करणारा सी मधला प्रोग्राम आहे. 40 सॉकेट, एकच थ्रेड, ईपोलवर (कुठलं सॉकेट तयार आहे ते सांगणारी लिनक्सची सोय) चालतो. प्रत्येक सॉकेटवर सेकंदाला एक नोंद. लिनक्स 5.15, ईएक्सटी४ फाईलसिस्टिम, साधी फिरती हार्ड डिस्क. दर सेकंदाला राइट आणि लगेच एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचवणारा कॉल). मधूनच सगळी सॉकेट दोन-तीन सेकंद गप्प होतात. लॉग फाईल ईपोलमध्ये घालायला गेलो तर ईपर्म ('हे करता येणार नाही' ही एरर) येतो. चुकतंय कुठे?

भुसावळ_यार्ड: ईपर्ममध्येच उत्तर आहे. साधी फाईल कर्नलच्या लेखी कायम 'तयार' असते. पोल, सिलेक्ट (ईपोलसारखेच जुने कॉल) तिला नेहमी हो म्हणतात, ईपोल तर घेतच नाही. ओ_नॉनब्लॉक पाइप-सॉकेटसाठी आहे. डिस्कवरच्या फाईलला लावा का नका लावा, सारखंच शे भाऊ.

राइट बहुतेक वेळा पेज कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) टाकून परत येतो, म्हणून फसायला होतं. पण जर्नल कमिट (फाईलसिस्टिमच्या बदलांची नोंदवही डिस्कवर उतरणं) चालू असेल किंवा न लिहिलेली पानं डर्टी रेशोच्या (अशा पानांची मेमरीतली मर्यादा, मूळ सेटिंग 20 टक्के) जवळ गेली की तोही थांबतो. एफसिंक तर डिस्कनं होकार देईपर्यंत थांबणारच, त्याचं कामच ते. एसट्रेसला (strace, प्रोग्रामनं कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) प्रत्येक कॉलचा वेळ दाखवायला लावा. माझा संशय एफसिंकवर.

तापीकाठ: मग आयओ_युरिंगवर (न थांबता वाचायची-लिहायची लिनक्सची सोय) जाऊ का?

भुसावळ_यार्ड: या कामाला नको. 5.15 वर ईएक्सटी४ चा बफर्ड (पेज कॅशमधून जाणारा) राइट आयओ_युरिंगसुद्धा आतल्या कामगार थ्रेडलाच देतं. तेच तुम्ही हातानं करा: लिहिणारा एक वेगळा थ्रेड, मध्ये 4096 नोंदींची रांग (तुमच्या वेगानं शंभरेक सेकंद पुरते), काम झाल्याची खबर इव्हेंटएफडीनं (एका थ्रेडनं दुसऱ्याला खूण करायचा कर्नलचा फाईल-क्रमांक). तो ईपोलमध्ये बिनधास्त बसतो.

रांगेला मर्यादा हवीच. भरली तर सॉकेट वाचणं थांबवा. टीसीपीची खिडकी (अजून किती डेटा घेता येईल ती जागा) मिटते आणि पाठवणारा आपोआप थांबतो. मर्यादा नसली तर डिस्क अडकली की रॅम फुगत जाते, आणि ते कळतं फार उशिरा.

कपाशी_६४बिट: दोन भर घालतो. पाच सेकंदांच्या नोंदी एकत्र लिहून एकच एफडेटासिंक (एफसिंकसारखाच, पण बदलाच्या वेळेसारखी जादा माहिती सोडणारा) करा. लोडशेडिंगमध्ये शेवटच्या पाच सेकंदांच्या नोंदी, आणि रांगेत उरलं असेल ते जाईल. चालणार असेल तरच. फाईल वाढत असली की एफडेटासिंकलाही नवा आकार जर्नलमध्ये टाकावा लागतो, म्हणून 64 एमबी शून्यं आधीच भरून ठेवा.

दुसरं महत्त्वाचं. एफसिंकनं ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातली एरर) दिला तर तोच पुन्हा मारू नका. कर्नल ती पानं स्वच्छ मानून मोकळा झालेला असू शकतो. दुसऱ्यांदा 'यशस्वी' येईल आणि डेटा डिस्कवर नसेल. तो गठ्ठा मेमरीत धरून ठेवा, दुसऱ्या फाईलमध्ये नव्यानं लिहा.

तापीकाठ: ओ_डायरेक्ट (पेज कॅश टाळून लिहायचा पर्याय) लावला तर?

कपाशी_६४बिट: बफरचा पत्ता, ऑफसेट, लांबी तिन्ही डिस्कच्या ब्लॉकला, म्हणजे 512 किंवा 4096 ला जुळलं पाहिजे, नाहीतर ईइनव्हल ('दिलेली किंमत चालत नाही' ही एरर). एवढं करूनही डिस्कच्या स्वतःच्या कॅशसाठी एफडेटासिंक लागतोच. 40 ओळींसाठी कशाला?

तापीकाठ: एसट्रेस पाहिला. एफसिंक 2.7 सेकंद, राइट नगण्य. वेगळा थ्रेड लिहायला घेतो.