पडवीच्या माळ्यावरचा जुना चेन सॉ : ओळखायचा कसा, उघडायचा कसा? अनुभव सांगा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या आगरातले माड, पोफळी एका दुपारात आडवे झाले. त्या पंधरवड्यात कटरवाल्याला (चेन सॉला आमच्याकडे ‘कटर’च म्हणतात) देवाचा भाव आला होता. आज येतो, उद्या येतो ऐकून काका वैतागले, कुणाचं तरी वापरलेलं मशीन घेऊन आले, महिनाभर राबवलं आणि टाकीतल्या पेट्रोलसकट गोणत्यात गुंडाळून पडवीच्या माळ्यावर टाकलं. काका आता नाहीत. या मे महिन्यात माळा आवरताना ते गोणतं खाली आलं.

मशीनवर स्टिकर नाही. रंग कधीकाळी केशरी असावा. तेल आणि भुशाचा थर इतका की पेचकसाने खरवडला तर ढलप्या निघतात. दोरी ओढली की फिरतं, प्लगला ठिणगी आहे, पण फट् करून एकदाही बोललं नाही. भंगारवाला तीनशे देतो म्हणतोय.

नवीन घे, हा सल्ला घरात रोज मिळतो. तो इथे नको. ज्यांनी असं जुनं मशीन ओळखून, धुऊन, चालू केलंय त्यांनी काय केलं, कुठे फसले, ते लिहा.

*

सांगली. स्प्रे पंप, ब्रश कटर, चेन सॉ दुरुस्तीचं दुकान

दादा, आधी दोरी ओढणं बंद करा. आत काय आहे ते बघितल्याशिवाय ओढत राहिलात तर असलेला पिस्टनही घालवाल.

माझ्याकडे जुनं मशीन आलं की मी कार्बोरेटरला हात लावत नाही. सायलेन्सर काढतो. दोन-तीन बोल्ट असतात. तो निघाला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन समोर दिसतो. दोरी हळू ओढून वर-खाली करायचा आणि बॅटरी मारून बघायचा. गुळगुळीत, रिंग मोकळी असेल तर मशीन वाचलं. उभ्या रेघोट्या, ॲल्युमिनियम फासल्यासारखं दिसलं तर ते तेल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवलेलं, नाहीतर कुठूनतरी हवा ओढून तापलेलं. मग सिलिंडर किटचा खर्च धरा आणि त्यावर ठरवा. जुनं विकत घेतानाही हेच. विकणारा सायलेन्सर खोलू देत नसेल तर चहा पिऊन परत यायचं.

आता ओळख. स्टिकर जाऊ द्या, स्टिकर कोणीही छापतं. कव्हरच्या आतल्या बाजूला, हँडलच्या पोटात ओतीव आकडे असतात, ते ब्रशने घासून वाचा. स्टील (Stihl) या जर्मन कंपनीच्या पार्टवरचे पहिले चार आकडे म्हणजे त्या मशीनचं घराणं. ११३० असेल तर ०१७, ०१८, एमएस १७०, एमएस १८० यांपैकी एखादं मॉडेल. ११२३ म्हणजे ०२१, ०२३, ०२५ यांचं. ११२७ म्हणजे ०२९, एमएस २९० वगैरे. ११०६ दिसलं तर दोन्ही हातांनी उचला, ते ०७० किंवा ०९० चं धूड आहे. पण यावरून घराणं कळतं, पोरगं नाही. ०१७ आणि ०१८ बाहेरून जुळी भावंडं. एकाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३७ मिलिमीटर, दुसऱ्याचा ३८. पिस्टन मागवताना व्हर्नियर लावूनच मागवा. माझ्याकडे ३७ चा एक पिस्टन तीन वर्षं पडून आहे, त्याचं कारण हेच.

हुस्कवार्ना कंपनीच्या मशीनवर सिरीयल नंबरातच वर्ष आणि आठवडा असतो. नव्यांत पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा.

आणि एक. क्लचला उलटे आटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस जोर लावतो, सुटत नाही म्हणून पाईप लावतो, शेवटी हातोडा घेतो आणि मग क्लच पिशवीत घालून माझ्याकडे येतो. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची. पण पिस्टन वर चढून एक्झॉस्टचं भोक बंद झाल्यावरच, नाहीतर दोरी त्या भोकाच्या कडेत चिमटते.

*

अकोला

माझं चालू व्हायचं, दहा मिनिटं झकास चालायचं आणि बंद. थोड्या वेळाने परत चालू. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा धुतला. एका रोपवाटिकेतल्या माळ्याने पेट्रोलचं झाकण सैल केलं, ‘स्स्’ आवाज आला, म्हणाला चालव आता. टाकीचा व्हेंट भुशाने बुजलेला. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं. कॉइलचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

*

न्यू जर्सी

इकडे गराज सेलमध्ये अशी मशीनं पडलेली असतात. मी पंधरा डॉलरला होमलाइट एक्सएल-१२ उचलला, साठच्या दशकातलं मॉडेल. आख्खं मॅग्नेशियमचं अंग, प्लॅस्टिक जवळजवळ नाहीच. नंबराची भानगड इथे वेगळी: धातूच्या पट्टीवर ‘यूटी’ने सुरू होणारा नंबर असतो, पार्ट त्यावरून शोधायचे. माझी पट्टी रंगाखाली दडली होती. कोणा उत्साही मालकाने आख्ख्या मशीनला हिरवा ऑइलपेंट दिला होता, पट्टीसकट.

ठिणगी नव्हती. यात फ्लायव्हीलखाली जुन्या स्कूटरसारखे पॉइंट (ठिणगीसाठी उघड-बंद होणारी जोड) असतात. आमच्या बाबांच्या बजाजचे पॉइंट मी लहानपणी पॉलिश पेपरने घासून द्यायचो, तेच केलं. पुठ्ठ्याचा कोरा तुकडा पॉइंटमधून ओढायचा, काळं येणं थांबेपर्यंत. दुसऱ्या ओढीला ठिणगी.

पेट्रोलची नळी बोटात घेतली तर चिक्कीसारखी तुटली. आणि अंगावर छापलेलं तेलाचं प्रमाण १६ ला १, म्हणजे लिटरला साठ मिलीच्या वर! ते त्या काळच्या तेलासाठी होतं. आताच्या टू-स्ट्रोक तेलाने मी ३२ ला १ चालवतो. चेनला तेल अंगठ्याने बटण दाबून द्यावं लागतं, आपोआप सुटत नाही. विसरलात तर बारमधून (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) धूर येऊन आठवण होते.

बायको विचारते, आपल्याकडे झाडं किती? दोन.

*

कुडाळ

मशीनवर सगळे बोलतात, चेनवर कोण बोलत नाही, म्हणून लिहिते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेनंतर बाबांनी जुना सॉ घेतला. चेन झिजलेली, म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराने जुनी चेन हातात धरली, भिंतीवरची एक काढून शेजारी लटकवली, “सेम आसा गो.” घरी लावली तर बारवर बसली, ताणली गेली, पण फिरताना कट्-कट् आवाज आणि दोन दिवसांत स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या चाकाचे) दात खाल्ले. लांबी सेम होती. पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर, वेगळा होता.

तेव्हापासून मी मोजूनच घेते. लागोपाठ तीन रिव्हेट धरायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. साडेनऊ मिलिमीटर आलं तर तीन-अष्टमांश इंच पिच, सव्वाआठ आलं तर पॉइंट ३२५ इंच. मग खालचे दात, म्हणजे बारच्या खाचेत चालणारे ड्राइव्ह लिंक, एकेक मोजायचे. मी एकावर नेलपॉलिशचा ठिपका लावून सुरू करते, नाहीतर कुठून सुरू केलं ते विसरायला होतं. तिसरी गोष्ट खाचेची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. बारच्या बुडाशी हे सगळं कोरलेलं असतं, तेलकट काळ्याखाली. ओरेगॉन कंपनीची चेन असेल तर ड्राइव्ह लिंकवर आकडा असतो. ९१ म्हणजे लो-प्रोफाइल (बुटक्या दातांची) तीन-अष्टमांश, १.३ जाडी.

बारची खाच हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने खरवडा. आमच्या बारमधून निघालेला गाळ बघून आई म्हणाली, चुलीचा धुराडा बरा. बुडाशी तेलाचं बारीक भोक असतं, ते तारेने मोकळं करा. आणि बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

धार: लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटरची गोल कानस, ३२५ ला ४.८. कोन तीस अंश. कानस पुढे ढकलताना घासायची, परत आणताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच फेर द्यायचे. माझा उजवा हात जड, त्यामुळे पहिल्यांदा एका बाजूचे दात आखूड झाले आणि करवत ओंडक्यात वाकडी पळायला लागली. बाबांना वाटलं बार वाकला. जमिनीवर पडलेला माड कापताना चेन वाळूला एकदा टेकली तरी धार गेली समजा. खाली ओंडका सरकवूनच कापा.

*

नाशिक

मला ‘जर्मन’ म्हणून विकलेल्या मशीनवर सिरीयल नंबरच नव्हता. खऱ्याच्या धातूच्या अंगावर नऊ आकडी नंबर ठोकलेला असतो, माझ्यावर नुसता स्टिकर, तोही रॉकेलच्या फडक्याने आला हातात. खाली दुसराच स्टिकर, ५८ सीसी. मग हट्टाने मोजलं. बोअर ४३, स्ट्रोक ३४. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले स्ट्रोक: ४९ सीसी. दोन स्टिकर, दोन्ही खोटे.

पण चालतंय. आणि याचा कार्बोरेटर, कॉइल, रिकॉइल (दोरी ओढायचा स्टार्टर), सगळं शेतीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. खरं जर्मन असतं तर पार्टांसाठी हिंडलो असतो. फसवलं गेल्याचं दुःख एवढंच की जर्मनचा भाव दिला.

*

पुणे

धुण्याबद्दल. आधी प्लगची टोपी काढून बाजूला करा, मगच चेनला हात. माझ्या भावाच्या तळव्याला सहा टाके आहेत, आणि मशीन ‘बंद’ होतं.

वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको, पाणी नको तिथे शिरतं. थर आधी लाकडी काडीने काढायचा, मग रॉकेल आणि जुना टूथब्रश, शेवटी हवा. पंक्चरवाल्याकडे हवा मारताना चोक बंद ठेवा, नाहीतर सगळा कचरा कार्बोरेटरच्या घशात. फ्लायव्हीलकडचं कव्हर काढून सिलिंडरचे पंखे नक्की बघा. माझ्या मशीनच्या पंख्यांत भुसा भाजून विटेसारखा झाला होता. मशीन तापून बंद का पडतं ते तिथे कळलं.

चेनला जळकं इंजिन ऑइल घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आयुष्य कमी आहे. त्यांच्या ऑइल पंपाचं तर फारच.

*

धागाकर्ता, पुन्हा

तीन रविवार गेले. सगळ्यांचे आभार, विशेषतः सांगलीच्या दादांचे. घासल्यावर मागच्या हँडलच्या पोटात ११३० निघालं आणि अंगावर नऊ आकडी नंबरही. सायलेन्सर काढला; पिस्टन चकचकीत! काकू चहा घेऊन आली होती, तिलाही बॅटरीने दाखवला. बोअर ३८, म्हणजे मोठं भावंड. तीनशेवाल्याला निरोप दिला.

गुन्हेगार टाकीतच होता. झाकण उघडल्यावर जुन्या वार्निशचा वास. आतली रबरी नळी फुगून चिकट झालेली, फिल्टर काळा गोळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि आमच्या दमट हवेत चार पावसाळे तसंच पडलं तर दुसरं काय होणार. कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कागदासारखा कडक. त्याने लवायला हवं, तर बोट लावल्यावर टक् वाजला. डायफ्रॅमचं किट, नळी, फिल्टर, प्लग बदलले. कार्बोरेटरमधली बारीक जाळी हिरवट शेवाळ्यासारखी बुजली होती, ती क्लीनर मारून सुटली. ताजं पेट्रोल, लिटरला २० मिली टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल. चोकवर तिसऱ्या ओढीला फट् झालं, चोक अर्धा केल्यावर दुसऱ्या ओढीला चालू. शेजारचा कुत्रा अजून आमच्या बेड्यात येत नाही.

आयडलला चेन फिरत होती, ती एलए स्क्रू (आयडलचा वेग ठरवणारा) थोडा सोडल्यावर थांबली. बारवर ५० ड्राइव्ह लिंक लिहिलंय, चेनवर मोजले, ५० च. आता काम झालं की टाकी रिकामी करतो आणि बंद पडेपर्यंत चालवतो.

काल मागच्या फणसाची वाळलेली फांदी घेतली. बसते छान, पण अर्ध्यावर गेली की उजवीकडे पळते. कुडाळच्या ताई, डावीकडचे दात आखूड दिसतायत. काकांचाही हात जड असणार. कानस आणलीय ४ ची, रविवारी बसतो. सगळ्यांत आखूड दात धरून बाकीचे त्याच्या मापाला आणायचे, बरोबर ना?