विकत घेतलेलं जीमेल उघडत नाही, तातडीने मदत हवी

वाटसरू२ (6 जुलै 2004, सकाळी 9:12)
लोकहो, कालपासून डोकं फिरलंय. जीमेल उघडतच नाहीये. पासवर्ड शंभर वेळा टाकून पाहिला, चूक म्हणतंय. तीन आठवडे मस्त चालू होतं. गुरुवारच्या आत काहीही करून उघडायला हवं. 40 डॉलर मोजलेत हो मी त्याचे! कुणाला तोडगा माहीत असेल तर लगेच सांगा.

गवतीचहा (9:20)
40 डॉलर? जीमेल फुकट असतं ना?

पाटीपेन्सिल (9:31)
कॅप्स लॉक बघ आधी. मग कुकीज साफ कर. ब्राउझर कुठला आहे? जीमेलमध्ये सगळा जावास्क्रिप्टचा कारभार आहे, जुन्या ब्राउझरवर धड चालत नाही. ऑफिसमधून उघडत असशील तर फायरवॉलही असू शकतं. मशीनची माहिती नीट दे, म्हणजे काही सांगता येईल.

वाटसरू२ (9:44)
कॅप्स लॉक नाही, कुकीज नाही, फायरवॉल नाही. रूममेटचं जीमेल याच मशीनवर उघडतंय. कृपया ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा.

टिकोजीराव (9:58)
40 डॉलर म्हणजे जरा जास्तच. आम्हाला एप्रिलमध्येच मिळालं, ब्लॉगर नियमित वापरणाऱ्यांना त्यांनी आपणहून दिलं तेव्हा. 1 एप्रिलला घोषणा झाली आणि हॉटमेल 2 एमबी देत असताना हे 1 जीबी देणार म्हटल्यावर निम्म्या लोकांना तो एप्रिल फूलच वाटला होता. खातं उघडायला आधीच्या कुणाचं तरी निमंत्रण लागतं; मग ज्याच्या त्याच्या हातात दोन-चार निमंत्रणं आली आणि ईबेवर लिलावांचा बाजार भरला. आता जो तो वाटत सुटलाय, भाव पार कोसळलाय. घाईने घेतलंस.

वाटसरू२ (10:03)
भाव विचारला नव्हता. उघडत नाही त्याचं काय करू ते सांगा.

मधलीसुट्टी (10:15)
वाटसरू, एक सांग. तू निमंत्रण विकत घेतलंस की तयार खातं?

वाटसरू२ (10:19)
काय फरक आहे? निमंत्रणच. लिलावात लागलं, मी पैसे पाठवले, त्याने लॉगिन आणि पासवर्ड पाठवला. झालं.

मधलीसुट्टी (10:34)
अरे, ह्यातच सगळं आलं की! निमंत्रण म्हणजे नुसती एक लिंक. ती तुझ्या जुन्या पत्त्यावर येते, त्यावर क्लिक करून नाव, पासवर्ड सगळं तूच ठरवतोस. देणाऱ्याला फार तर तुझा नवा पत्ता कळतो, बाकी काही नाही. तुला मिळालं ते त्याने स्वतः बसून बनवलेलं खातं. म्हणजे घर तुला विकलं आणि किल्लीची एक प्रत खिशात ठेवली. हातात आल्यावर पासवर्ड तरी बदललास का?

वाटसरू२ (10:38)
बदलला ना, त्याच दिवशी. इतका काही मी हा नाही.

सदाफुली (10:41)
मला एक कळत नाही, सगळे जीमेलच्या मागे का लागलेत? याहूने गेल्या महिन्यात 4 चे थेट 100 एमबी केले, हॉटमेलही 250 देणार म्हणतंय. हॉटमेल भरलं असेल तर एक युक्ती सांगते. सेंट फोल्डरमधली सगळी मेलं उडवा, मग ट्रॅश रिकामा करा (बरेच जण हे विसरतात), आणि फोटोंची मेलं आधी डिस्कवर उतरवून घ्या. माझं 2 एमबीत चार वर्षं चाललंय.

वाटसरू२ (10:45)
ताई, माझं हॉटमेल भरलेलं नाही. माझं जीमेल उघडत नाहीये.

अर्धाकप (11:02)
उघडत नाही ते बरंच आहे म्हणायचं. तुमची मेलं वाचून शेजारी जाहिराती लावतात, हे मान्य आहे का तुम्हाला? एप्रिलमध्येच 31 संस्थांनी गूगलला पत्र लिहिलं की हे थांबवा. कॅलिफोर्नियात सेनेटर लिझ फिगेरोआ यांनी तर विधेयकच आणलंय. आणि लोक अशा गोष्टीला वर पैसे मोजतात!

पाटीपेन्सिल (11:10)
वाचत वगैरे कुणी नाही हो, मशीन शब्द बघतं. आणि आपलं रोमन लिपीतलं मराठी त्याला काय कप्पाळ कळणार! मी आईला मेल लिहिलं, दर वाक्यात 'पण', 'पण'. शेजारी ओळीने तव्यांच्या आणि कढयांच्या जाहिराती.

गवतीचहा (11:13)
:-) :-) कुणाकडे जास्तीचं निमंत्रण असेल तर मलाही एक द्या ना.

अर्धाकप (11:21)
हसा. उद्या औषधांबद्दल लिहाल तेव्हा कळेल.

मधलीसुट्टी (11:25)
धागा भरकटतोय. वाटसरू, 'पासवर्ड विसरलो' वर क्लिक करून पाहिलंस का? काय विचारतंय?

वाटसरू२ (11:52)
केलं. प्रश्न विचारतंय, तुमच्या पहिल्या शिक्षकांचं नाव काय. मी पहिलीच्या बाईंचं नाव टाकलं, चूक. फक्त आडनाव टाकलं, चूक. बालवाडीच्या बाई आठवत नव्हत्या म्हणून घरी फोन केला. तिकडे रात्र होती, आई दचकून उठली. तेही नाव चूक.

पाटीपेन्सिल (11:56)
अरे देवा. तुझ्या बाई नव्हेत रे, विकणाऱ्याच्या बाई!

मधलीसुट्टी (12:04)
आईला झोपू दे. खातं बनवताना दोन गोष्टी विचारतात, हा प्रश्न आणि दुसरा ईमेल पत्ता. पासवर्ड हरवला तर ह्यांच्याच जोरावर परत मिळतो. दोन्ही त्यानेच भरलेलं असणार. तू पासवर्ड हजारदा बदललास तरी तो 'विसरलो' म्हणून नवा करून घेऊ शकतो. सेटिंग्जमध्ये जाऊन दुसरा पत्ता बदलला होतास का?

वाटसरू२ (12:07)
कुठला दुसरा पत्ता?

टिकोजीराव (12:15)
घ्या. म्हणूनच म्हणतो, अशा लोकांना धडा मिळायला हवा. सरळ गूगलला लिही की ह्या ह्या माणसाने खातं विकून फसवलं.

अर्धाकप (12:22)
काय लिही? आत्ता जूनअखेर त्यांनी नियमच केलाय की खातं विकायचं नाही, त्याची देवाणघेवाण करायची नाही. हा स्वतःहून सांगणार की मी विकत घेतलं! खातं बंद करून मोकळे होतील ते.

टिकोजीराव (12:30)
याने घेतलं तेव्हा तो नियम नव्हता. आणि नियम विकणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा बिचारा ग्राहक.

अर्धाकप (12:33)
खातं कुणाच्या नावावर आहे? विकणाऱ्याच्या. ते याचं आहे हे कशावरून? दाखवायला कागदाचा चिटोरा तरी आहे का?

टिकोजीराव (12:41)
लिलावाचं पान आहे की. मी मे महिन्यात दोन निमंत्रणं दिली, दोन्हीची पानं जपून ठेवली आहेत. व्यवहार चोख हवा.

गवतीचहा (12:43)
'दिली' म्हणजे? विकलीत??

टिकोजीराव (12:50)
विकली. एक 55 ला गेलं. त्यात काय लपवायचंय? लोक घ्यायला तयार होते, नियम तेव्हा नव्हता, आणि मी निमंत्रण विकलं, खातं नव्हे. फरक मधलीसुट्टी यांनी वर सांगितलाच आहे.

पाटीपेन्सिल (12:54)
फुकट मिळालेलं 55 ला विकून वर आम्हाला धडे! दिवे घ्या (म्हणजे 'लाइटली' घ्या) हो, टिकोजीराव.

टिकोजीराव (1:01)
घेतले. पण जीमेलस्वॅप नावाच्या अदलाबदलीच्या साइटवर जाऊन बघा, लोक एकेका निमंत्रणासाठी काय काय द्यायला निघालेत. त्यापेक्षा रोख व्यवहार बरा.

मधलीसुट्टी (1:10)
वाटसरू, पैसे कसे दिलेस? कार्डाने दिले असशील तर बँकेला कळवता येईल.

वाटसरू२ (1:12)
मनी ऑर्डर.

पाटीपेन्सिल (1:13)
राम राम राम.

मधलीसुट्टी (1:20)
ठीक आहे, 40 गेले म्हणू. माझ्याकडे तीन निमंत्रणं पडून आहेत, एक तुला देते, फुकट. तुझा चालू पत्ता खाजगी निरोपात पाठव. इथे उघड्यावर टाकू नकोस, स्पॅमवाले टपलेलेच असतात.

वाटसरू२ (1:26)
आभारी आहे, पण मला तेच खातं हवंय. नुसतं पहिलं नाव आहे हो माझं त्यात! आडनाव नाही, आकडे नाहीत, काही नाही. आता असं नाव मिळणार आहे का? त्या माणसाकडे रांगच होती. नुसती आपली पहिली नावं, सगळी सहा अक्षरांच्या पुढची. एकेक वेगळं विकत होता.

पाटीपेन्सिल (1:33)
सहाच्या खाली जीमेल देतच नाही. म्हणजे बेणं हुशार आहे. आधी बसून नावं अडवली, मग नावावर भाव लावला.

सदाफुली (1:37)
माझं नाव होतं का हो त्या रांगेत?

मधलीसुट्टी (1:40)
नावाचा हट्ट नंतर कर. गुरुवारचं काय आहे ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

वाटसरू२ (1:58)
गुरुवारी फोनवर मुलाखत आहे. किती वाजता, कोण घेणार, आधी काय वाचून ठेवायचं, हे सगळं मेलने कळवणार होते. रेझ्युमेवर तोच पत्ता टाकलाय. गेल्या तीन आठवड्यांत अकरा ठिकाणी पाठवला. म्हटलं नुसतं पहिलं नाव बघून जरा छाप पडेल.

मधलीसुट्टी (2:03)
हे सकाळी सव्वानऊला लिहायचं होतंस! उचल फोन, त्या कंपनीत लाव, माझा ईमेल पत्ता बदललाय, कृपया याहूच्या पत्त्यावर पुन्हा पाठवा म्हण. बाकीचं रामायण सांगू नकोस.

टिकोजीराव (2:09)
फोनवर लिलावाचा उल्लेख अजिबात नको.

वाटसरू२ (3:15)
केला फोन. बाई फारच चांगल्या होत्या. म्हणाल्या शुक्रवारीच पाठवलं होतं, पुन्हा पाठवते. आलं लगेच. गुरुवारी 11 वाजता आहे. उरलेल्या दहा ठिकाणीही कळवतो. मधलीसुट्टी ताई, निमंत्रणासाठी पत्ता पाठवलाय.

मधलीसुट्टी (3:22)
गेलं निमंत्रण. दिसलं नाही तर जंक फोल्डर बघ. आणि या वेळी पहिल्या बाईंचं नाव स्वतःच्याच बाईंचं टाक.

वाटसरू२ (4:05)
झालं खातं! नाव अर्थातच मिळालं नाही. आडनाव जोडूनही नाही, आधी आडनाव मग नाव असं मिळालं. सरकारी यादीतल्यासारखं वाटतंय. असो. दुसरा पत्ता माझा टाकलाय, दोनदा तपासला.

पाटीपेन्सिल (4:11)
एक गंमत कर. नव्या खात्यावरून त्या जुन्या पत्त्यावर मेल टाक. बघू कोण बोलतं.

अर्धाकप (4:14)
नको रे बाबा, कशाला चोराला नवा पत्ता द्यायचा?

वाटसरू२ (7 जुलै 2004, सकाळी 8:40)
टाकलं होतं मेल, सभ्य भाषेत. रात्री उत्तर आलं. विकणारा नाहीच तो! माझ्याच नावाचा दुसरा एक जण आहे, तेलुगू. शनिवारी त्याच माणसाकडून 12 डॉलरला घेतलं म्हणे. उघडल्यापासून विचार करत होता की आपण अर्ज न करता कंपन्या आपल्याला मुलाखतीला का बोलावताहेत. एका ठिकाणी तर त्याने 'विचार करून कळवतो' असं उत्तरही देऊन टाकलंय. माझी सगळी मेलं पुढे पाठवली बिचाऱ्याने, एकूण चार होती.

पाटीपेन्सिल (8:46)
हे भारी आहे. त्याला सांग की मुलाखतही देऊन टाक.

मधलीसुट्टी (8:52)
त्याला आधी दुसरा पत्ता बदलायला सांग. नाहीतर पुढच्या आठवड्यात तिसरा नामबंधू सापडेल.

वाटसरू२ (9:30)
सांगितलं. त्याचं उत्तर आलंय, 'कुठला दुसरा पत्ता?'

गवतीचहा (9:34)
म्हणजे विकणाऱ्याला एका खात्याचे 52 मिळाले. मला मात्र अजून कुणी निमंत्रण दिलेलं नाही.