मुंबईची ट्राम कशी आटत गेली : आठवणींचा धागा

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेल्या शेवटच्या ट्रामविषयी आणि तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या गर्दीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याआधीच्या दहा-अकरा वर्षांबद्दल ऐकायचे आहे. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम धावू लागली. आणि १९५३ पासून, नागपाड्याच्या मार्गांपासून सुरुवात होऊन, न परवडणारे मार्ग एकामागून एक बंद होत गेले. ट्राम एका रात्रीत गेली नाही, ती आटत गेली, असे मला मनापासून वाटते. ते आटणे ज्यांनी पाहिले ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. स्वतः पाहिलेले किंवा घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकलेले, जे आठवेल ते कृपया सविस्तर लिहावे.

लालबाग, वय ७१

शेवटची ट्राम गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई आठवड्यातून एकदा भाजीसाठी भायखळ्याच्या बाजारात जात असे आणि पिशवी धरायला मला सोबत नेत असे. त्या शेवटच्या वर्षांत ट्रामने जायचे म्हणजे हातात वेळ ठेवूनच निघावे लागे. एका पावसाळी संध्याकाळी आमच्या ट्रामचा छपरावरचा दांडा तारेवरून निसटला आणि आतले दिवे गेले. कंडक्टर खाली उतरला, मागच्या बाजूला लोंबणारा दोर त्याने दोन्ही हातांनी खेचला आणि वर पाहत, पावसाचे पाणी डोळ्यांत जात असतानाही, दांड्याच्या टोकाची चाकी तारेला लावण्याचा प्रयत्न करू लागला. दोनदा ती हुकली, तिसऱ्यांदा निळी ठिणगी उडाली आणि दिवे आले. तोवर आमच्या मागे आणखी दोन ट्राम खोळंबल्या होत्या, कारण रुळांवरच्या गाडीला बाजूने निघून जाता येत नाही. बस मात्र आम्हाला वळसा घालून पुढे गेली. तिच्या खिडकीतून लोक आमच्याकडे पाहत होते. आई म्हणाली, "पुढच्या वेळी बसनेच जाऊ." मला त्या वेळी फार वाईट वाटले होते; आज कळते की अशा हजारो घरांत हाच निर्णय कोणाच्याही नकळत घेतला जात होता.

दादर, हिंदू कॉलनी

माझे वडील ट्रामचे ड्रायव्हर होते. ड्रायव्हरला उभे राहूनच गाडी चालवावी लागे. डाव्या हाताने हँडल फिरवायचे, उजवा हात ब्रेकवर ठेवायचा आणि रुळांवर कोणी आले की पायाने घंटा वाजवायची. ते सांगत की पूर्वी घंटा वाजली की लोक बाजूला होत. पुढे मोटारी इतक्या वाढल्या की दिवसभर घंटा वाजवून संध्याकाळी टाच ठणकत असे. रूळ झिजल्यामुळे काही वळणांवर गाडी इतकी हादरे की उभ्या उतारूंना आधीच ओरडून सावध करावे लागे. ट्राम बंद झाल्यावर त्यांना बसच्या डेपोत काम मिळाले आणि घरात कोणतीही अडचण आली नाही. पण जेवताना, पेपर वाचताना, बोलता बोलता कोणी मध्येच आले की त्यांची उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटत असे. ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही आणि आम्हीही ती कधी सुटावी असे म्हटले नाही.

नागपाडा, वय ८०

१९५३ साली मी आठ वर्षांचा होतो. आमच्या भागातली ट्राम बंद झाली तेव्हा कोणी हारतुरे आणल्याचे मला आठवत नाही. रूळ मात्र तसेच राहिले, आणि आम्ही मुले त्यांच्या खाचेत गोट्या सोडून शर्यती लावत असू.

गिरगाव, वय ७६

वरच्या आठवणींबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडते. रूळ रस्त्याच्या मध्यभागी असल्यामुळे चढणे-उतरणे भर रहदारीत करावे लागे. माझ्या मावशीला ट्राममधून उतरताना मोटारीचा धक्का लागला आणि तिचा हात कायमचा अधू झाला. गरिबाला परवडणारे वाहन म्हणून ट्रामचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे; आमच्या घरी बसचे भाडे जड वाटत असे. परंतु पदपथाला लागून थांबणारी बस ही बायकामुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी मोठीच सोय होती. १९२६ पासून शहरात बस होती, ती हवी तिकडे वळू शकत होती, आणि रूळ कोठेही वळवता येत नव्हते. म्हणून मी ट्रामला दोष देत नाही. तिच्यासाठी रस्त्यात वेगळी जागा राखण्याचा विचार झाला असता, तर आज कदाचित मी वेगळे लिहिले असते.

*(धागाकर्ता: आपला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १९४७ साली महापालिकेने ट्राम आणि बस चालवणारी कंपनी ताब्यात घेतली आणि 'बेस्ट' (बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज) या तिच्या नावातल्या शेवटच्या 'टी' या अक्षराचा अर्थ 'ट्रामवेज' ऐवजी 'ट्रान्सपोर्ट' झाला. मला वाटते, शहराची दिशा त्या एका अक्षरातच बदललेली दिसते.)*

डोंबिवली, वय ३८

मी ट्राम पाहिलेली नाही. फोर्टमध्ये नोकरीला असताना फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खोदकाम चालू होते, तेव्हा डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. जेवणाच्या सुट्टीत मी ते पाहायला गेलो. लोखंड गंजले होते, पण मधली खाच स्पष्ट दिसत होती. माझे आजोबा परळच्या गिरणीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी आजीला घेऊन ट्रामने म्युझियमपर्यंत येत. मी फोनवर फोटो काढून आजीला दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "इथून डावीकडे वळायची ना?" मला उत्तर देता आले नाही.

दादर टी.टी.

आमच्या भागाच्या नावातला दुसरा 'टी' म्हणजे टर्मिनस आणि पहिला 'टी' म्हणजे ट्राम, हे माझ्या शाळकरी मुलाला १५ सप्टेंबर २०२३ पर्यंत माहीत नव्हते. त्या दिवशी जुन्या डबलडेकर बसची शेवटची फेरी होती आणि मी त्याला मुद्दाम पाहायला नेले होते. बसला हार घातले होते, लोक फोटो काढत होते. त्याने विचारले, "इतक्या लोकांना ती आवडत होती, तर बंद का केली?" मी त्याला सांगितले की आवडणारे पुष्कळ होते, पण त्यांतले रोज बसणारे कमी होत गेले, गाड्याही एकेक करून निघत गेल्या. परतताना खोदादाद सर्कलपाशी मी त्याला ट्राम कोठे थांबत असे ती जागा दाखवू लागलो आणि नेमकी जागा मलाही ठरवता आली नाही. या धाग्यावरच्या ज्येष्ठांपैकी कोणाला ती आठवत असेल, तर कृपया खूण सांगावी. आम्ही दोघे रविवारी जाऊन पाहून येऊ.