मिरवणुकीचे ३,९०० रॉ फोटो भराभर बघायला काय वापरता?

ताशाची_काडी
पूर्वी पथकात ताशा वाजवायचे. मनगटाने दगा दिला, म्हणून दोन वर्षांपासून पथकाचा कॅमेरा माझ्याकडे. यंदा विसर्जनाला बेलबाग चौक ते अलका टॉकीज एवढ्यात ३,९०० फोटो झाले. निकॉन, २४ मेगापिक्सेल, सगळे रॉ.

कॉम्प्युटरसोबत आलेल्या ॲपमध्ये बाण दाबला की आधी धूसर चित्र येतं, आणि मनात एक-दोन-तीन म्हणून झालं की स्पष्ट होतं. मला तर प्रत्येक फोटो मोठा करून टिपरू (ढोल वाजवायची काठी) हललंय की नाही ते बघायचंय. फोटोमागे तीन सेकंद धरले तरी नुसती वाट बघण्यात सव्वातीन तास! तिकडे ग्रुपवर सकाळपासून "ताई, फोटो?" चालू आहे.

डेस्कटॉप दादाचा जुना, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. एडिटिंग नकोय, फक्त बघणं आणि निवडणं. दरमहा पैसे भरायचं काही सुचवू नका.

नळस्टॉपकर
इरफानव्ह्यू. डोळे झाकून. १९९६ पासून आहे, इरफान श्किल्यान नावाच्या माणसाने बनवलेलं. दिसायला कळकट, पण झटकन उघडतं. रॉसाठी त्याचे प्लगइन वेगळे उतरवून घ्या, नाहीतर "उघडत नाही" म्हणून परत इथेच याल. एफ८ दाबलं की आवडलेला फोटो हव्या त्या फोल्डरमध्ये कॉपी.

घरगुती वापराला फुकट आहे, धंद्यासाठी लायसन्स लागतं. पथक पैसे देतं का?

ताशाची_काडी
पैसे कसले, दोन वडापाव आणि "ताई, माझा एक सोलो काढा ना".

कॅमेरेवाले_काका
सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आधी एक गोष्ट समजून घ्या. रॉ म्हणजे तयार चित्र नाही, सेन्सरने नोंदलेले आकडे आहेत. त्यातून चित्र शिजवायला तुमच्या जुन्या मशीनला वेळ लागणारच. पण कॅमेरा रॉच्या पोटात एक तयार जेपीजीही ठेवतो. ते उचलून दाखवणारा व्ह्यूअर पळतो, दरवेळी रॉ शिजवत बसणारा रखडतो. पेपरचे फोटोग्राफर फोटो मेकॅनिक वापरतात, त्याच्या वेगाचं गुपितही हेच. ते विकतचं आहे, तुम्हाला गरज नाही.

फास्टस्टोन घ्या, घरी वापरायला फुकट. सेटिंग्जमध्ये रॉचा भाग आहे, तिथे एम्बेडेड प्रिव्ह्यू (म्हणजे ते पोटातलं जेपीजी) निवडा. मग फोटोवर माउस दाबून धरला की तेवढा भाग मोठा दिसतो. निकॉनचं आतलं जेपीजी मोठं असतं, त्यामुळे फोकस नीट कळतो. काही जुन्या सोनींमध्ये ते जेमतेम १६१६ बाय १०८० असतं, तिथे मोठं केलं की नुसते ठोकळे.

आणि हो, त्या जेपीजीवर रंग कॅमेऱ्याने चढवलेला असतो. गुलालाचा लाल फुटलेला दिसला म्हणून फोटो उडवू नका, रॉमध्ये बारकावे बऱ्याचदा शिल्लक असतात. या पायरीला फक्त फोकस बघायचा आणि कोणाचे डोळे मिटलेत का ते.

हडपसर_एक्स्प्रेस
बेसिक प्रश्न. फोटो आहेत कुठे? डिस्कवर की अजून कार्डातच?

ताशाची_काडी
कार्डातच. रीडर सीपीयूच्या पुढच्या काळ्या पोर्टला लावलाय. का?

हडपसर_एक्स्प्रेस
तो बहुतेक यूएसबी २ असणार. सेकंदाला ३०-३५ एमबी मिळाले तरी खूप. तुमची एकेक फाइल साधारण २५ एमबी, म्हणजे ती पूर्ण वाचायची तर पाऊण सेकंद नुसता वायरीत. मागे निळा पोर्ट (बहुतेक यूएसबी ३, जास्त वेगाचा) असेल तर तिथे लावा, सगळं डिस्कवर कॉपी करा, तोवर जेवून घ्या. आणि निवड होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका!

ताशाची_काडी
झालं! मागचा निळा पोर्ट, डिस्कवर कॉपी, फास्टस्टोन आणि काकांचं ते सेटिंग. बाण दाबला की फोटो समोर. इरफानव्ह्यूही टाकलंय, पण माउस दाबून मोठं करून बघायची सवय एका तासात लागली. ३,९०० चे ४१२ केले, मध्ये एकदाच चहाला उठले.

ज्या फोटोवर माझी सगळी भिस्त होती तोही सापडला. टिपरू ढोलाच्या पानाला टेकलंय, पानावरचा गुलाल वीतभर उडालाय. माउस दाबून मोठा केला, तर फोकस मागच्या फुगेवाल्यावर.