मदत हवी आहे : पारंपरिक गव्हाचा तांबेरा-प्रतिकार सुधारित वाणात आणताना
जनुकपेढीतून मिळालेल्या एका पारंपरिक वाणात तांबेऱ्याला चांगला प्रतिकार दिसल्याने मी त्याचा सुधारित गव्हाशी संकर केला. पहिल्या संततीची ताटे ओंबी भरताच लोळली. उंची पुढे बुटकेपणाच्या जनुकाचे चिन्हक (ते जनुक झाडात आहे का, हे दाखवणारी डीएनएतील खूण) वापरून आटोक्यात आली, परंतु उशिरा पिकण्याचा दोष दोन प्रतिसंकरांनंतरही (संततीचा सुधारित वाणाशी पुन्हा केलेला संकर) प्रतिकाराला चिकटूनच येतो. हा दोष आणणारा गुणसूत्राचा तुकडा प्रतिकारापासून तोडण्यासाठी आणखी प्रतिसंकर करावेत, की झाडांची संख्या वाढवून प्रतिकाराच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या चिन्हकांवर निवड करावी?

गव्हाच्या गुणसूत्रांचे तीन उपसंच एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की चिन्हक नेमके कुठल्या उपसंचातले, हेही (निदान मला) पटकन ठरवता येत नाही. १९२०-३०च्या दशकांत जमवलेल्या वॉटकिन्स या पारंपरिक गव्हांच्या संग्रहातील ८२७ वाणांची जनुकक्रम-माहिती खुली आहे. तिच्यावरून नेमकी चिन्हके कोणी तयार केली असल्यास कृपया पद्धत सांगावी.