मदत हवी आहे: गायरानात झाडं नकोत, हे ग्रामसभेत कसं सांगू?

मंडळी, नमस्कार.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका लहान गावाची, पहिल्यांदाच निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य. गावाला ५२ एकर गुरचरण आहे. सातबाऱ्यावर तसं लिहिलंय, बोलताना आम्ही गायरानच म्हणतो. चार-पाच एकर कडेकडेने बांध सरकवत गेले (कोणी सरकवले ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, इथे नको). उरला तो माळ. मुरूम, कुसळीचं गवत, मधूनच एखादा हिवर, बोरी, आणि एका कोपऱ्यात माजलेली वेडी बाभूळ.

आता एका कंपनीने पाच हजार रोपं, तारेचं कुंपण आणि तीन वर्षं टँकर द्यायची तयारी दाखवली आहे. सरपंच खूश. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना धावायला ट्रॅक हवाय, बचत गटाच्या बायकांना चारा. वस्तीवरच्या मेंढपाळांना काय हवंय हे कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी गेले. एक आजोबा म्हणाले, "ताई, कुंपण घाला की. मेंढरं कुठं न्यायची तेवढं त्याच कागदावर लिवा."

दिवाळी झाली की यांचे वाडे (मेंढरं आणि बिऱ्हाडासकट कुटुंबं) कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे गवत वाढावं म्हणून जे चार महिने माळ बंद ठेवायचा, नेमके तेच चार महिने ही माणसं घरी असतात.

त्याच आजोबांबरोबर दोन सकाळी माळावर फिरले. तीन चिंकारा दिसल्या. खोकडाचं बीळ दिसलं. माळटिटवीची अंडी उघड्या मुरमावर इतकी बेमालूम होती की माझा पाय पडायचाच बाकी होता. लांडग्यांची जोडी थंडीत कुठे राहते तेही त्यांनी दाखवलं, वर बजावलं, "गावात सांगू नका, पोरं मोबाईल घेऊन येतील."

पूर्वी टेकडीच्या बाजूला असंच एक वृक्षारोपण झालं होतं. चर खोदले, उंदीरमारीची (गिरिपुष्पाची) झाडं लावली. झाडं जगली, पण खाली गवताची काडी नाही, आणि आमची मेंढरं त्या ताज्या पाल्याला तोंड लावत नाहीत. चिंकाराही तिकडे फिरकत नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. "झाडं लावू नका" म्हटलं की मी वेडी ठरणार. काय बोलू? आणि नुसतं नको म्हणून भागणार नाही, गवत, पाणी, ट्रॅक यांचं काही तरी मांडावं लागेल. जाणकारांनी मदत करा.

माळटिटवी
ताई, तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण द्या. कडबनवाडीला आणि पलीकडे बारामतीतल्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे. लोक पैसे भरून हा 'पडीक' माळ बघायला येतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे, १९९७ साली जाहीर झालं, ते काही दाट झाडीसाठी नव्हे, चिंकारासाठी. चिंकाराला लांबवरचं दिसावं लागतं, धाविक आणि चंडोल जमिनीवर घरटं करतात. सावली केली की ही मंडळी निघून जातात.
रोपं परत पाठवू नका. शाळेभोवती, स्मशानभूमीत, ओढ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेने लावा. कंपनीलाही फोटो मिळेल!

तलाठ्याचा शेजारी
कागदाचं सांगतो. गुरचरण जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली चराईसाठी राखून ठेवलेली असते. मालकी शासनाची, सांभाळ पंचायतीचा. सरपंचांच्या तोंडी होकाराने वापर बदलत नाही. सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग निकाल २८ जानेवारी २०११ चा आहे, सरकलेल्या बांधांसाठी तो उपयोगी पडेल. पण एकाच सभेत दोन्ही काढू नका. बांधवाले आणि झाडवाले एकत्र आले तर तुम्ही एकट्या पडाल.
शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीसुद्धा. कपाटात असेल, शोधा. त्यात गायरानाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. काहीच नसेल तर आजोबांना बसवून लिहून घ्या. लांडग्याची जागा मात्र मोघम लिहा.

गवत्या
सगळा माळ एकदम बंद करू नका. तीन तुकडे पाडा. जून ते ऑक्टोबर एकच तुकडा बंद, बाकी दोन मेंढरांना खुले. पुढच्या वर्षी दुसरा बंद. बंद तुकड्यात गवताचं बी पडलं की बचत गटाने विळ्याने कापून भारे न्यावेत. लोक हिवरे बाजारची चराईबंदी सांगतील. ती चांगलीच आहे, पण ती दावणीला बांधलेल्या जनावरांच्या हिशेबाची. मेंढरं दावणीला बांधून राहत नाहीत.
कुसळी मात्र फुलोऱ्यात यायच्या आत चारून घ्या, नंतर कुसळं लोकरीत आणि कातडीत घुसतात. मोकळ्या जागी मारवेल गवताचे ठोंब याच पावसात लावा, शेडा आणि डोंगरी गवताचं बी फेका. नांगरायचं अजिबात नाही. वेडी बाभूळ मुळासकट काढा, नुसती तोडली तर दुप्पट फुटते. आणि दिवाळीनंतर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, विसरू नका. एका बिडीने सगळं जातं.

रांगडा_पुरंदर
लांडगे राखायचे म्हणे! माझ्या चुलत्याची दोन कोकरं गेली गेल्या साली. तुमचं काय जातंय?

माळटिटवी
@रांगडा_पुरंदर, राग बरोबर आहे. पण कोकरू गेलं की जागेवरून हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. निम्मी प्रकरणं तिथेच बुडतात. आणि पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर फेकतात का ते बघा. त्यावर भटकी कुत्री पोसतात, कोकरं तीही मारतात आणि नाव लांडग्याचं होतं. कुत्र्यांचे रोग लांडग्या-खोकडांना लागतात ते वेगळंच.
ताई, पाणवठा केलात तर ताटलीसारखा उथळ, उतरत्या काठाचा करा. प्लास्टिक कागदाचं शेततळं नको, त्यात पडलेलं जनावर वर चढू शकत नाही. ट्रॅक गावाच्या बाजूच्या कडेने आखा आणि दिवे लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. @रांगडा_पुरंदर, तुमचा प्रश्न मी वस्तीवर जसाच्या तसा विचारला. आजोबा म्हणाले, लांडगा एक नेतो आणि पोट भरलं की जातो, कुंपण आलं की सगळीच जातील. हे त्यांचं म्हणणं, सगळ्या वस्तीचं असेल असं नाही. एका काकूंनी तिथेच नाक मुरडलं.

नोंदवही सापडली. गायरानासमोर एकच शब्द: "निरंक".

तीन तुकड्यांचा नकाशा हाताने काढला आहे, पोरांचा ट्रॅक शाळेकडच्या कडेला बसवला. रोपं ओढ्याकाठी लावू म्हटल्यावर सरपंच निदान ऐकून तरी घेतायत. ठरावाचा मसुदा उद्या इथे टाकते, @तलाठ्याचा शेजारी, भाषा तपासून द्या. आजोबांनी सभेत बोलावं अशी फार इच्छा आहे. ते म्हणतात, पाऊस लागला तर येतो, उघडीप असली तर मेंढरं.